वच्छलाअक्काचे कूलर

वच्छलाअक्का कशी होती असं कोणी विचारलं की मी आधी हेच सांगते, बाई भांडखोर होती. मेलेल्या माणसाला लोक लगेच देव करून टाकतात, मला ते जमत नाही. ती नळावर भांडायची, टँकरवाल्याशी भांडायची, मेसमध्ये येऊन माझ्याशी भांडायची. आणि भांडून झालं की चहा माझ्याच हातचा प्यायची. "सुमन, तुना चहा म्हणजे निस्तं गरम पानी शे," असं म्हणायची आणि वर दुसरा कप मागायची.

मी सुमनबाई. आता दोंडाईच्याला लेकीकडे असते, पापड-कुरडया करते. तेव्हा, म्हणजे एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला, धुळ्याबाहेर शिंदखेड्याच्या रस्त्याला एका संस्थेचं ग्रामविद्यापीठ होतं, तिथल्या वसतिगृहाच्या मेसमध्ये मी स्वयंपाकाला होते. संस्थेचं नाव घेत नाही. नाव मोठं लक्षण खोटं, एवढ्यात काय ते समजा. अक्का तिथे झाडलोट करायची आणि पाणी भरायची, तीही रोजंदारीवर. तिचा नवरा झुलालभाऊ त्याच संस्थेच्या शेतावर राखणदार होता. मी सांगतेय त्याच्या आदल्या उन्हाळ्यात भर दुपारी तो बांधावर पडला. ऊन लागलं होतं. कोणाच्या लक्षात आलं तोवर सगळं संपलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, गावाकडे दीर होता तो विचारत नव्हता. मातीला चार लोक आले, आठव्या दिवशी अक्का परत झाडू घेऊन कामावर आली.

आता त्या उन्हाळ्याचं सांगते.

नेहमीची पोरं परीक्षा देऊन घरी गेली की वसतिगृह रिकामं होत नसे. उन्हाळी प्रशिक्षणाची पोरं यायची. चोपड्याकडची, साक्रीकडची, शिंदखेड्याच्या खेड्यांतली. कोणी माती तपासायला शिकायचं, कोणी दूध तपासायला, कोणी केळीच्या बागेत काम करायचं. दोन महिने राहायचं आणि सर्टिफिकेट घेऊन जायचं. ते सर्टिफिकेट नसेल तर पुढे नोकरीला कोणी दारात उभं करत नसे, म्हणून पोरं काहीही सोसायची.

आणि सोसायला होतंच तसं. नवं वसतिगृह पाहुण्यांसाठी रंगवून कुलूप लावून ठेवलेलं. पोरांना टाकलं जुन्या इमारतीत. जुनी इमारत म्हणजे काय, पूर्वी बियाण्याचं गोदाम होतं ते. वर पत्रे. मध्ये भिंती घालून खोल्या पाडलेल्या, खिडक्या मागाहून फोडलेल्या. गाद्यांत ढेकूण, संडासाच्या दाराला कडी नाही, टाकीत एकदा मेलेलं कबूतर निघालं. रेक्टर साहेब म्हणाले, "पावडर टाकली आहे, आता प्यायला हरकत नाही." मी म्हटलं, मग तुम्हीच आधी प्या की. मोठ्याने नाही म्हटलं, भाकरी थापता थापता म्हटलं. चैत्र-वैशाखात धुळ्याचं ऊन कसं असतं ते तिकडे राहिलेल्यालाच विचारा. दुपारी त्या खोल्यांत हात भिंतीला लावला तर चटका बसायचा. एक पोरगा दोनदा उलट्या करून आडवा पडला, डोळे पांढरे केले त्याने.

अक्काने त्याला बघितलं मात्र, झाडू तिथेच टाकला आणि तशीच ऑफिसात गेली. रेक्टरच्या टेबलासमोर उभी राहून काय काय बोलली ते मी ऐकलं नाही, पण शिपाई सांगत होता की साहेबांनी पंखा फास्ट केला. दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून जुने कूलर आले. ऑफिसात नवे आले होते, हे पडून होते. पत्र्याचे, खालून गंजलेले, वाळ्याचे पडदे काळे पडलेले. व्हरांड्याकडून खिडक्यांत बसवले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अक्का पदर पसरून वारं घेत कूलरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हाई चांगलं व्हयनं." मला इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी.

ते बरं वाटणं फार टिकलं नाही. कूलर चावायचे.

पहिल्यांदा निंबाला चावला. निंबा म्हणजे शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातला उंच, किडकिडीत पोरगा. तोंडाने फटकळ, पण ताट स्वतः धुवून ठेवणारा. पाणी भरायला गेला आणि ओरडत मागे आला. बाकीच्यांना गंमत वाटली. मग एकेकाने हात लावून बघितला, आणि गंमत संपली. सुकदेव वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर कूलरच्या पत्र्याला लावला तर टेस्टरमधला दिवा पेटला. सुकदेवने सगळे कूलर तपासले, सगळीकडे तेच. "या इमारतीले अर्थिंगच नही," तो म्हणाला. "गोदाम व्हतं, कोन करी? खड्डा खंदना पडी, पट्टी गाडनी पडी. तवलोंग यास्ले हात लावाना नही."

रेक्टर साहेब आले, त्यांनी ऐकून घेतलं. गोड बोलायचे हो ते, आवाज कधी चढला नाही. म्हणाले, "उन्हाळा संपला की सगळ्या इमारतीचं एकदमच करून घेऊ. तोपर्यंत भीती वाटत असेल तर कूलर काढून नेतो. जबरदस्ती नाही."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. इकडे आड तिकडे विहीर, दुसरं काय! वर पत्रा तापलेला, आणि तो उलट्या करणारा पोरगा अजून नीट उभा राहत नव्हता.

"राहू द्या साहेब," अक्का पुढे होऊन म्हणाली. "कूलर मी भरीन. पोरं हात लावणार नाहीत."

साहेब म्हणाले, "बघा, ही समजूतदार बाई." आणि गेले. सुकदेवने तोंड उघडलं होतं ते मिटलं. मी संतापले. पातेलं आपटून म्हटलं, "तुला काय गरज होती गं? तुझा जीव स्वस्त आहे का?" तर बाई माझ्याकडेच डोळे वटारून बघते. "आम्हना माणूस पडना तवय त्याना तोंडमा पानी टाकाले कोनी नव्हतं. या पोरेस्नं तसं नको व्हवाले."

मग तिची पद्धत ठरली. नवऱ्याची जुनी रबरी चप्पल पायात घालायची, ती तिला इतकी मोठी व्हायची की चालताना फटक फटक वाजायची. दुपारी पोरं जेवून खोल्यांत गेली की पत्र्याची बादली घेऊन निघायची. प्रत्येक खिडकीशी थांबून ओरडायची, "बटन!" आतून पोरगा बटन बंद करायचा आणि ओरडायचा, "बंद!" मग ती पाणी ओतायची, दूर व्हायची, "चालू!" म्हणायची आणि पुढच्या खिडकीला जायची. पोरं तिची नक्कल करायची. जेवताना कोणी दुसऱ्या भाकरीला हात घातला की बाकीचे ओरडायचे, "बटन!" अक्काही हसायची.

मी नाही हसायचे. ती बादली घेऊन निघाली की शेवटच्या खिडकीचं "चालू" ऐकू येईपर्यंत माझं कामात चित्त लागत नसे. एकदा तर भाकरी तव्यावर जळून कोळसा झाली आणि मला पत्ताच नाही.

आणि एक कुत्रं होतं. पिवळं, म्हातारं, मेसच्या उष्ट्यावर वाढलेलं. कूलरमधून पाणी गळून व्हरांड्यात ओल व्हायची, त्या गारव्याला ते येऊन पडायचं. एक दिवस दुपारी मी हाक मारली तर उठेना. जवळ जाऊन बघितलं, पाठ कूलरच्या पत्र्याला टेकलेली, पाय ताठ, डोळे उघडे. सुकदेवने लाकडाने ढकलून बाजूला काढलं. रेक्टर साहेब म्हणाले, "म्हातारं झालं होतं बिचारं." सगळ्यांना कळलं होतं काय झालं ते, त्यांनाही कळलं होतं. पण त्या दिवशीसुद्धा दुपारी अक्का चप्पल वाजवत निघालीच. फक्त पोरांनी नक्कल करणं बंद केलं.

मी सुकदेवच्या मागे लागले. तो म्हणायचा, "ताई, साहेब हो म्हनतीन ते मी आज खड्डा खंदस." साहेबांकडे गेले तर ते म्हणायचे, "सुकदेवला सांगितलंय मी." झालं! दोघांच्या मध्ये तो खड्डा राहिला तो राहिलाच.

अशात आखाजी आली. बाकीचे लोक अक्षय्य तृतीया म्हणतात, आमच्याकडे आखाजी, आणि ती दिवाळीच्या तोडीची. लेकी सासरहून येतात, कडुनिंबाच्या झाडाला झोके बांधतात, खापरावर, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर भाजलेले मांडे आणि आमरस. बाप्ये दिवसभर पत्ते कुटतात आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही. पोरांनी घरी जायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, दुसऱ्या दिवशी नाशिकहून पाहुणे येणार आहेत, कामाला सुट्टी घ्या पण आवार सोडायचं नाही. सोडलं तर प्रशिक्षण अपुरं धरलं जाईल. निंबा माझ्याजवळ येऊन बसला. "मावशी, मनी बहीण लगीन झाया पहिलांदाच येल शे आखाजीले. सायकलवर जाईसन येवासारखं घर शे मनं." डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या, इतका मोठा पोरगा. मी म्हटलं, रडू नको मेल्या, मांडे मी करते.

आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर पुजतात. ज्याचं वर्ष पहिलंच असेल त्याच्या नावाने मोठं मातीचं भांडं, त्याला डेरगं म्हणतात. झुलालभाऊचं पहिलं वर्ष. दिराने निरोपाला उत्तर दिलं नाही, तर अक्काने आपल्या खोलीत स्वतःच डेरगं भरलं. त्यावर खरबूज ठेवलं, मांड्याचा घास विस्तवावर टाकला. मी गेले होते. रडली नाही, पण हात जोडून फार वेळ बसली. तिच्या सासरच्या घराची एक रीत होती, ज्याने डेरगं भरलं त्याने त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत पायात काही घालायचं नाही आणि दिसेल त्याला पाणी द्यायचं. ते पाणी गेलेल्याला पोचतं म्हणे. सकाळपासून तिने कोणाकोणाला पाणी पाजलं! पोस्टमनला, शिपायाला, रस्त्याने जाणाऱ्या बकऱ्यांना. मला तर तीनदा पाजलं, मी म्हटलं, बाई, आता पोट फुटेल माझं.

दुपारी आम्ही दोघींनी पोरांना वाढलं. सगळी पोरं जेवली का बघत अक्का पंगतीतून फिरत होती, "बठ्ठा पोरे जेवनात का? निंब्या, अजून एक ले." अंगणातून जाताना पाय भाजायचे म्हणून उड्या मारत चालायची, पोरं हसत होती, तीही हसत होती. पोरं पोट फुटेस्तोवर जेवली. आमरस, मांडे, वर भातसुद्धा. एकेक जाऊन कूलरसमोर जे आडवं झालं ते घोरायलाच लागलं.

अक्काने बादली उचलली.

मी तिचा हातच धरला. "आज नाही. आज अनवाणी आहेस. आज कूलर कोरडे राहू दे."

"डेरगंना दिन कोनले कोरडं ठेवतस का?" ती म्हणाली. हात सोडवून घेतला, पण रागाने नाही.

"मग चप्पल घाल. देव काही म्हणत नाही."

"देव नही म्हने. मी म्हनस ना." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "बटन म्हनसू ना मी. तू खापर धू."

मी खापर धुवायला बसले, पण कान सगळे व्हरांड्याकडे. पाणी ओतल्याचा आवाज आला. "बटन" ऐकू आलं नाही. मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. पुन्हा पाणी पडलं, पुन्हा "बटन" नाही. माझं डोकंच फिरलं. तशीच राखेच्या हातांनी उठले, म्हटलं आज हिला चांगली सोलते. कोपऱ्यावरून बघितलं तर अक्का खिडकीतून आत डोकावत होती. मला बघून तिने तोंडावर बोट ठेवलं. आणि हळूच म्हणाली, "वरडू नको वं. बठ्ठा झोपेल शेतस." पोरं झोपली होती म्हणून ती ओरडत नव्हती. आपल्या पोटच्या पोरांना माणूस जसं उठवत नाही तसं.

मी "अक्का!" म्हणेपर्यंत ती पुढच्या खिडकीशी पोचली होती. खाली ओल होती. तिने एका हाताने कूलरचं झाकण वर केलं आणि दुसऱ्या हाताने बादली कलती केली.

ती ओरडली नाही. लोकांना वाटतं माणूस ओरडतो. ती नुसती थांबली, कूलरला टेकून उभी राहिल्यासारखी. बादली हातात तशीच, आणि पाणी तिच्या पायावर पडत होतं. मला आधी कळलंच नाही. मग मी किंचाळले ते अजून माझ्या घशात आहे. निंबा डोळे चोळत बाहेर आला, तिला बघितलं आणि तिला धरायला धावला. मी त्याला नको त्या शिव्या घातल्या. "हात नको लावू मुडद्या! बटन! बटन!" तो मागे फिरला, आत गेला. कूलरची घरघर बंद झाली आणि अक्का खाली बसल्यासारखी पडली.

पोरांनी दार काढून तिला त्यावर घेतलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून धुळ्याला नेलं. मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसले होते. ओलेच होते अजून. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि पोरांना म्हणाले, बाहेर थांबा. मला कळलं. निंबा भिंतीला डोकं आपटत होता, "मी जागा व्हतू ते," मी जागा असतो तर, एवढंच म्हणत होता. मी त्याला जवळ घेतलं, पण मला स्वतःलाच कोणी धरायला हवं होतं.

नंतर संस्थेचे दोन मोठे लोक आले. रेक्टर साहेबांनी मला व्हरांड्यात बोलावलं. फार मऊ आवाजात विचारलं, "सुमनबाई, त्या वेळी बाईच्या पायात चप्पल होती का?"

मी म्हटलं, "तिचं डेरगं होतं साहेब. नवऱ्याचं पहिलं वर्ष."

"म्हणजे नव्हती." ते त्या दोघांकडे वळले. "पोरांना बटन बंद करायला सांगायचं ठरलं होतं, तेही तिने सांगितलं नाही."

मग मी बोलले. अर्थिंगचं बोलले, टेस्टरचं बोलले, कुत्र्याचं बोलले. सुकदेव खांबाशी उभा होता, मी त्याला म्हटलं, सांग की रे, तू सांग! तो जमिनीकडे बघत राहिला. त्याच्याही घरी चार तोंडं होती, मी समजू शकते, पण माफ अजून केलेलं नाही. निंबा मात्र पुढे आला. "सर, बठ्ठा कूलरमा करंट शे. आम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळ, तुझं प्रशिक्षण पूर्ण व्हायचंय ना?"

निंबाने खांद्यावरचा हात काढला. खोलीत गेला, ट्रंक सायकलला बांधली आणि उन्हातच घरी निघून गेला. सर्टिफिकेट गेलं ते गेलंच. बाकीची पोरं राहिली. कूलर बंद होते, पोरं रात्री अंगणात आणि दुपारी झाडाखाली पडायची. व्हरांड्यात कोणी पाय ठेवत नव्हतं.

संस्थेत सगळीकडे एकच झालं, बाई अनवाणी होती. शिपाई तेच सांगे, मेसला भाजी देणारा तेच सांगे. गावातून तिचा दीर आला, आयुष्यात विचारपूस केली नव्हती त्याने, तोही म्हणाला, "अनवानी कसाले गयी?" मी त्याला मेसच्या दारातून हाकलून दिला.

मग एका सकाळी रेक्टर साहेबांनी मला पुन्हा बोलावलं. अक्काचं दहावंसुद्धा झालं नव्हतं. व्हरांड्यात भिंतीवर नवा बोर्ड लावला होता, लाल अक्षरांत. 'कूलरमध्ये पाणी भरताना पायात चप्पल घालावी. आदेशावरून.'

"पोरांचे फार हाल होतायत," साहेब म्हणाले. "उद्यापासून कूलर तुम्ही भरत जा."

"अर्थिंग झालं का?" मी विचारलं.

"उन्हाळा संपला की करणारच आहोत. आता तशी काळजी नाही." त्यांनी बोर्डाखाली बोट दाखवलं. तिथे एक नवी कोरी रबरी चप्पल ठेवलेली होती, निळ्या पट्ट्यांची.

साहेब निघून गेले. मी तिथे एकटीच उभी होते. माझे पाय फार लहान आहेत. बायकांच्या मापात मला कधीच चप्पल मिळत नाही, लहान पोरींच्या ढिगातून शोधून घ्यावी लागते, दुकानदार हसतात. का कोण जाणे, मी त्या चपलेत पाय घातला.

ती मला अगदी बरोबर बसली.